चोवीस मोजेपर्यंत

"नेट चालू आहे हो, पण तो दिसत नाही."

नवा राउटर बसवून दोन-तीन दिवस झाले की असा फोन येतो. 'तो' म्हणजे कोण, हे सांगायची कुणाला गरज वाटत नाही. मुलगा असतो, नातू असतो, कधी जावई. पुण्यात पेठांमधून, सहकारनगरातून, कोथरूडमधून मी गेली वीसेक वर्षं वायरी ओढतोय. त्यातल्या कितीतरी घरांत आता दोनच माणसं राहतात आणि बाकीचं घर स्क्रीनवर असतं.

मी केबल टीव्हीवाल्याकडे पोऱ्या म्हणून लागलो. या गच्चीवरून त्या गच्चीवर काळी वायर टाकायची, खांबावर चढायचं, पावसाळ्यात कनेक्टरला गंज धरला की कापून नवा लावायचा. पुढे त्याच गच्च्यांवरून लॅनची वायर आली, मग फायबर आली. फायबर जोडायला शिकलो, राउटर सेट करायला शिकलो. पण लोकांचा कॉल का अडकतो, हे कुणी शिकवलं नाही. शिकवलं ते एवढंच : डब्यावरचा लाल लाइट गेला पाहिजे, मोबाइलवर स्पीड दाखवायचा, कंप्लेंट बंद करायची, पुढचं घर गाठायचं. दिवसाला दहा-बारा घरं असायची. मी राउटरपासून दोन हातांवर उभा राहायचो, स्पीड टेस्ट लावायचो आणि आकडा गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर धरायचो. आकडा खराच असायचा, पण तो मी उभा होतो तिथला असायचा. शिवाय स्पीड टेस्ट दहा-पंधरा सेकंदांची असते आणि घरातलं बोलणं तास तास चालतं.

यूट्यूबवरचं कीर्तन नीट दिसतं आणि मुलाचा चेहरा मात्र अडकतो, हे लोकांना पटत नाही. पटण्यासारखं नाहीच ते. पण कीर्तन आधीच रेकॉर्ड झालेलं असतं. मोबाइल त्याचा पुढचा भाग आधीच आणून ठेवतो आणि मध्ये पाच सेकंद लाइन गेली तरी साठ्यातलं दाखवत राहतो. कॉलमध्ये साठा करायला काही नसतंच. मुलानं जे अजून म्हटलेलंच नाही, ते आधी कुठून आणणार? म्हणून घरातल्या नेटमध्ये जी खोट महिनोन्महिने झाकून राहते, ती पहिल्या व्हिडिओ कॉलला उघडी पडते. हे मला फार उशिरा कळलं आणि त्याची किंमत एका आजोबांनी मोजली.

सहकारनगरातलं घर. आजोबा पाटबंधारे खात्यात आरेखक होते. भिंतीवर खिळा ठोकायचा तरी आधी पट्टी लावून खूण करणारे. त्यांचा जुना राउटर विजेच्या झटक्यानं गेला, मी नवा बसवला. तिसऱ्या दिवशी फोन आला : रिंग जाते, मुलगा उचलतो, दिसतोही छान, आणि मग थिजतो. मी गेलो, स्पीड टेस्ट लावली, शंभरच्या वर आकडा आला. म्हटलं, "आजोबा, आपल्याकडून सगळं ओके आहे. प्रॉब्लेम तिकडचा आहे." हे वाक्य आमच्या धंद्यात रोज बोललं जातं. त्यात तपासण्यासारखं काही नसतं, कारण तिकडे जाऊन कोण बघणार?

त्यांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला. मुलाला न्यू जर्सीत राउटर बदलायला लावला. त्यानं बदलला. मग आजोबांनी मोबाइल बदलला. पाच आठवडे दोन्हीकडे खर्च चालला होता, आणि त्या पाच आठवड्यांत घरात एक मोठं बोलणं व्हायचं होतं, ते तुकड्यातुकड्यांत झालं. कशाबद्दलचं, ते मी इथं सांगणार नाही. आजींनी नंतर मला एवढंच सांगितलं, "महत्त्वाचं वाक्य आलं की तोंड तसंच राहायचं रे त्याचं."

सहाव्या आठवड्यात त्यांनी मला परत बोलावलं आणि म्हणाले, "तू काही करू नकोस. इथं बस आणि नुसतं बघ." मुलाला फोन लावला. मी पहिल्यांदाच तिथं बसून बघितलं. सुरुवातीला चित्र जरा धुरकट, मग स्वच्छ, आणखी स्वच्छ, आणि ठप्प. पुन्हा लावला, पुन्हा तसंच. आजोबा पुटपुटत मोजत होते. "चोवीस. मघाशी तेवीस होते."

म्हणजे चित्र खराब होत जाऊन बंद पडत नव्हतं, चांगलं होत जाऊन बंद पडत होतं. लाइन कमजोर असती तर उलटं झालं असतं. मी राउटरचं पान उघडून एकेक खण बघत गेलो, तेव्हा सुरक्षेच्या खणात ते सापडलं. राउटरला बाहेरच्या हल्ल्यापासून घर वाचवायला शिकवलेलं असतं. सेकंदाला ठरावीक संख्येपेक्षा जास्त पॅकेट एका जातीची आली, की तो हल्ला समजून ती टाकून द्यायला लागतो. ती जात म्हणजे यूडीपी. जुन्या पोस्टातली उपमा द्यायची तर वेबसाइट, मेल हे बहुतेक सगळं रजिस्टरनं जातं : पोचल्याची सही येते, हरवलं तर पुन्हा पाठवतात. व्हिडिओ कॉल साध्या टपालानं जातो. एक पाकीट हरवलं तर हरवलं, कारण दोन सेकंदांपूर्वीचा चेहरा आत्ता येऊन उपयोग नाही. कॉलचं ॲप सुरुवातीला जपून, थोडं पाठवतं. रस्ता मोकळा दिसला की चित्र चांगलं करत नेतं, तशी पाकिटं वाढतात. आजोबांच्या राउटरमध्ये मर्यादा फार खाली होती आणि तो खण डब्यातून काढल्यापासून चालू होता. चोविसाव्या सेकंदाला मुलाचा चेहरा पुरेसा स्वच्छ व्हायचा आणि राउटर त्यालाच हल्ला समजायचा. रिंग मात्र रजिस्टरच्या वाटेनं यायची, म्हणून ती कधी चुकली नाही.

मी ती मर्यादा वाढवली. कॉल सव्वा तास चालला. मी तेवढा वेळ बाहेरच्या खोलीत बसून होतो, कारण उठून जायचं धैर्य होत नव्हतं. निघताना मी आजोबांची माफी मागितली. मुलाच्या राउटरचे पैसे देतो म्हटलं, त्यांनी घेतले नाहीत.

तेव्हापासून मी एक गोष्ट सोडली नाही. नवा राउटर बसवला की त्या घरातून जिथं कॉल जातो तिथं, ज्या वेळी जातो त्या वेळी, ज्या मोबाइलवरून जातो त्याच मोबाइलवरून कॉल लावायला सांगतो आणि निदान दहा मिनिटं थांबतो. अमेरिकेत तेव्हा मध्यरात्र असेल तर संध्याकाळी परत येतो. माझ्या मालकांना हे परवडत नव्हतं. त्यांचा हिशोब चुकीचा होता असं मी म्हणणार नाही, कारण त्यांनाही पगार द्यायचे होते. पण मी पुढे स्वतःचं काम सुरू केलं त्याचं मोठं कारण हेच.

"कुठं बसून बोलता?" हा माझा पहिला प्रश्न असतो. जुन्या वाड्यांत भिंती दीड-दोन फुटी असतात, दगडाच्या नाहीतर भाजक्या विटांच्या. नव्या राउटरला २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ असे दोन पट्टे असतात. पहिला दूर पोचतो, पण त्यात शेजारपाजारचे सगळे घुसलेले असतात आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही जवळपास त्याच पट्ट्यात चालतो. दुसरा वेगवान, पण जाड भिंतीपुढे लगेच दम सोडतो. एखाद्या घरी जुना राउटर बैठकीत होता, तेव्हा तिथल्या आजी बैठकीत बोलायच्या. नवा आला, दिसायला बरा नाही म्हणून टीव्हीच्या मागे गेला, किंवा कपाटावर, आणि कपाट लोखंडी. आजी मात्र बसतात तिथंच बसतात, कारण तिथं उजेड आहे, पाठीला टेकायला भिंत आहे, आणि नातवाला मागचा देव्हारा दिसतो. पूर्वी मी म्हणायचो, "इकडे येऊन बोला ना." आता राउटर हलवतो. पाच मीटर वायर जास्त लागते, एवढंच.

कर्वेनगरला एक काकू रोज कॉलवर नातीला गच्चीतली झाडं दाखवायच्या. हॉलमधून निघायचं, स्वयंपाकघरातून जिना चढून वर. नेमका जिन्यात कॉल तुटायचा. त्यांच्याकडे नव्या राउटरबरोबर जुनाही चालूच ठेवलेला होता, "चांगला आहे, कशाला टाकायचा" म्हणून. दोघांना मीच एक नाव आणि एक पासवर्ड दिला होता, म्हणजे घरातल्या कुठल्याच मोबाइलवर पुन्हा पासवर्ड टाकावा लागू नये. सोयीचं म्हणून केलं आणि तेच अंगाशी आलं. मोबाइल ज्या राउटरला एकदा धरतो त्याला सहजासहजी सोडत नाही. हॉलमधल्याची रेंज संपेपर्यंत चिकटून राहतो, आणि सोडतो तेव्हा मधल्या काही सेकंदांत कॉल पडतो. त्यात त्या दोन राउटरची मागे नीट जोडणीही नव्हती. फायबरच्या डब्यात एक राउटर असतोच, त्याच्या मागे नवा लावला, आणि दोघंही आपण घराचे पहारेकरी आहोत असं समजून वागत होते. बाहेरून येणाऱ्या कॉलला एकाच घरात दोन दारं ठोठावावी लागत होती.

आणि त्याच्या बाहेर तिसरं दार असतं. इंटरनेटचे जुन्या पद्धतीचे पत्ते एकूण सुमारे ४२९ कोटीच आहेत. जगाच्या मुख्य साठ्यातले शेवटचे गठ्ठे फेब्रुवारी २०११ मध्येच वाटून संपले. म्हणून कंपन्या शेकडो घरं एका पत्त्यामागे ठेवतात. ते आमच्या हातात नाही. पण घरातलं जास्तीचं दार काढणं हातात आहे : एका डब्याला पहारा करू द्यायचा आणि दुसऱ्याला नुसतं पुढे पोचवायला सांगायचं. काकूंकडे तेवढं केलं, दुसरा राउटर वायरनं जोडून जिन्याच्या तोंडाशी लावला. आता कढीपत्त्यापर्यंत कॉल जातो.

काही दुखणी किरकोळ असतात, पण माणसाला दिवसभर हैराण करतात. नवा राउटर लावला आणि नेट मुळीच येत नाही, कारण कंपनीकडे जुन्या राउटरचा मॅक नंबर, म्हणजे त्या डब्याचा ओळखक्रमांक, बांधलेला असतो. एक फोन करून तो सोडवून घ्यावा लागतो. किंवा जुना टॅब नव्या नेटवर्कला जोडलाच जात नाही, कारण नव्यात सुरक्षेची नवी पद्धत चालू असते आणि टॅबला जुनीच समजते. हे मी दारातूनच ओळखतो, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

सांगण्यासारखं घर नारायण पेठेतलं आहे. तिथल्या ताई शिवणकाम करतात. त्यांना ऐकू येत नाही, जन्मापासून. त्यांची बहीणही तशीच, नाशिकला असते. दोघी रोज व्हिडिओ कॉलवर हातांनी बोलतात. राउटर बदलल्यापासून कॉल मधेच अडकायचा. मी वहीवर लिहून विचारलं, त्यांनी उत्तरादाखल स्वतःची वही पुढे केली. त्यात आठवड्याभराच्या वेळा होत्या. सकाळी ७.१० अडकलं. ११ नीट. दुपारी १.२० अडकलं. ४ नीट. ६.३० पूर्ण बंद. इतकी नेमकी तक्रार मला कुणीच कधी दिलेली नव्हती.

कॉल लावून बघितला, आणि एक गोष्ट ध्यानात आली जी इतकी वर्षं माझ्या डोळ्यांसमोर असून दिसली नव्हती. लाइन आखडली की ही ॲप्स आधी चित्र सोडतात आणि आवाज वाचवतात. बहुतेकांना तेच हवं असतं. "दिसलं नाही तरी चालेल, आवाज येऊ दे," असं मीही लोकांना सांगत आलो होतो. या घरात त्या आवाजाला काही अर्थ नव्हता. बहिणीची बोटं धूसर झाली की शब्द गेला, हात थिजला की वाक्य गेलं. ॲप त्यांच्यासाठी नको ते वाचवत होतं आणि हवं ते टाकत होतं. मला त्या दिवशी राग आला, माझ्यासकट सगळ्यांचा. बोलणं म्हणजे आवाज, असं आम्ही धरूनच चाललो होतो.

साडेसहापर्यंत थांबलो. सव्वासहाला सगळं उत्तम. साडेसहाला चित्राचे चौकोन पडले. मी राउटरच्या पानावर डोकं घालून बसलो होतो. ताईंनी माझ्या खांद्याला हात लावला, दुसरा हात जमिनीवर ठेवून मला खूण केली, आणि वहीत लिहिलं : "मुलं." जुन्या वाड्याचा लाकडी जिना. वरच्या मजल्यावर शिकवणी चालते. मुलं धावत जिना चढत होती आणि त्यांची पावलं ताईंना जमिनीतून कळत होती. सकाळी सात-दहाला मुलं शाळेला उतरतात, एक-वीसला परततात, साडेसहाला शिकवणी. जिन्यावर कॅमेरा होता, त्यांच्याच वायफायवरचा. कुणी हललं की तो चित्रफीत बाहेर पाठवायचा.

जुना राउटर दाराशी होता, कॅमेऱ्याच्या जवळ. नवा मी आतल्या खोलीत लावला होता. आता कॅमेऱ्याला दोन भिंतींपलीकडून बोलावं लागत होतं, म्हणजे फार हळू. वायफायमध्ये एका चॅनेलवर एका वेळी एकानंच बोलायचं असतं, बाकीच्यांनी थांबायचं. एकजण अडखळत बोलू लागला की सगळी रांग खोळंबते. कॅमेऱ्याला २.४ च्या पट्ट्यावर एकटं ठेवलं, ताईंचा टॅब ५ वर घेतला, राउटर पुन्हा दाराकडच्या भिंतीवर आणला. मुलं सातला उतरली, चित्र हललं नाही. ताईंनी बहिणीला काहीतरी सांगितलं, दोघींनी माझ्याकडे बघून हात हलवले. निदान त्यांनी केलं होतं. मी स्क्रू पिळले.

सगळंच राउटरमध्ये शोधायचं नसतं, हेही एका घरानं दाखवलं. कसब्यातल्या एका बाईंचा मुलगा नोकरीला दुबईला गेला आणि त्याच आठवड्यात इकडे राउटर बदलला. कॉल लागेना. मी दोन दिवस सेटिंग उलटीपालटी केली. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सॲपवरचे कॉल चालतच नाहीत, परवानगी असलेली वेगळी ॲप्स घ्यावी लागतात, हे त्यांच्या भाच्यानं सांगितलं. मी एवढंच विचारायला हवं होतं : त्या आठवड्यात आणखी काय बदललं?

आणि काही गोष्टी कुणाच्याच हातात नसतात. पुणे ते न्यू जर्सी सरळ रेषेत साडेबारा हजार किलोमीटर. काचेच्या तारेतून उजेड सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. मुंबईला वर्सोव्याला समुद्रात उतरलेल्या केबल सरळ रेषेत जात नाहीत, त्यामुळे वाट आणखी लांबते. प्रश्न जाऊन उत्तर यायला पाव सेकंदाच्या आसपास वेळ लागतोच. तेवढ्यात आई दुसरं वाक्य सुरू करते, मुलगा पहिल्याचं उत्तर देत असतो, दोघं थांबतात, दोघं पुन्हा एकदम बोलतात. "त्याला माझं ऐकायचंच नसतं," असं एक काकू म्हणाल्या होत्या. मी त्यांना कागदावर नकाशा काढून दाखवला. वाक्य संपलं की मनात एक म्हणा, मग पुढचं बोला, म्हटलं. राउटरला हात न लावता त्या घरातून निघालो. त्या भेटीचे पैसे घेतले नाहीत, पण ती माझ्या चांगल्या कामांपैकी एक आहे असं मी मानतो.

मागच्या पावसाळ्यात सहकारनगरच्या आजोबांचा फोन आला. मी साताऱ्याला एका लग्नात होतो. कुणीतरी दुसरा मुलगा फायबर जोडायला आला होता, त्यानं राउटरची रिसेटची पिन दाबली होती.

"अरे, ऐक," ते म्हणाले. "पुन्हा अडकतंय. तीनदा मोजलं. तेवीस, चोवीस, चोवीस."

मी म्हटलं, "आजोबा, मी उद्या येतो."

"उद्या कशाला? तू सांग, मी करतो. ते पान कुठलं होतं?"

मांडवाच्या मागे उभं राहून मी सांगत गेलो. १९२, टिंब, १६८, टिंब, शून्य, टिंब, एक. ते प्रत्येक आकडा मोठ्यानं परत म्हणत होते. पासवर्ड त्यांनी राउटरच्या बुडाशी चिकटवलेल्या चिठ्ठीवरून वाचला, चिठ्ठी त्यांच्याच सुबक अक्षरातली असणार. सुरक्षेचा खण सापडला. मर्यादेचा आकडा सापडला. बदलला, सेव्ह केला. राउटर बंद होऊन चालू व्हायला दोन मिनिटं लागतात, तेवढा वेळ आम्ही दोघंही काही बोललो नाही.

"आला हिरवा लाइट," ते म्हणाले. "आता लावून बघ— अरे थांब, त्याचाच येतोय."

आणि त्यांनी माझा फोन ठेवून दिला.